समोरचं शेत

"साहेब, तुम्ही स्वतः शेवटचं विमान कधी उडवलं होतं?"

हा प्रश्न खरं तर वकिलाचा. वकील म्हणजे माझ्या बाकावरची मैत्रीण. अर्ध्या मार्कासाठी ती शिक्षकांशी अख्खी मधली सुट्टी भांडू शकते, म्हणून तिचं खरं नाव आता हजेरीपुरतंच उरलंय. तिने तो प्रश्न माझ्या कानात सोडला आणि म्हणाली, "विचार. विचारलास तर मानलं तुला."

पलीकडून सशीने (हिचे पुढचे दोन दात तिच्याआधी वर्गात येतात) काडी टाकली, "कसली विचारतेय. घरी वाघीण, शाळेत शेळी."

मला कुणी शेळी म्हटलं की माझं डोकं जागेवर राहत नाही. मी हात वर केला.

सभागृह शेवटच्या रांगेपर्यंत भरलं होतं. व्यासपीठावर फ्लाइंग क्लबचे अध्यक्ष होते. त्यांच्या हातातला माइक सुटावा म्हणून आमच्या मुख्याध्यापिका मघापासून घसा खाकरत होत्या आणि अध्यक्षांना वाटत होतं त्यांना सर्दी झालीय. भाषणाचा विषय होता, 'संकटात डोकं शांत कसं ठेवावं'. आणि संकट कुणाचं, तर माझं. माझं आणि माझ्या आत्याचं. गेल्या महिन्यात हवेत आमचं इंजिन बंद पडलं, आम्ही शेतात उतरलो, जिवंत राहिलो. ते कसं जमलं हे सांगायला शाळेने बोलावलं कुणाला, तर तेव्हा जमिनीवर, फिरत्या खुर्चीत बसलेल्या माणसाला.

अध्यक्ष माझ्याकडे बघून गोड हसले. "हीच बरं का ती आपली धीट मुलगी. बाळ, मी आता उडवत नाही. बरीच वर्षं झाली. पण अनुभव कुठे जातो?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पैज मी जिंकले होते आणि शहाण्या मुलीने इथे खाली बसायला हवं होतं. पण मुलांमध्ये फिरणारा माइक माझ्या हातात होता, माझा आवाज चारी भिंतींतून येत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडला.

"दुसरा प्रश्न," मी म्हणाले. "इंजिन बंद पडल्यावर तुम्ही रेडिओवरून सांगितलंत, 'वळ आणि धावपट्टीवर परत ये.' मग आता 'ते शेत मी निवडलं' असं कसं सांगता?"

सभागृहात इतकी शांतता झाली की सशीने तोंडातलं चॉकलेट गिळल्याचं मला ऐकू आलं.

आता हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्हालाही वाटेल की मी आगाऊ आहे. आहेच, पण इथे विषय तो नाही.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती क्लबात विमान चालवायला शिकवते. म्हणजे मागच्या महिन्यापर्यंत शिकवायची. तिला एक खोड आहे. ती कुठेही असो, मध्येच चुटकी वाजवते आणि विचारते, "आत्ता गेलं तर?" म्हणजे आत्ता, या क्षणी इंजिन गेलं, तर कुठे उतरशील. मी गाडीच्या मागच्या सीटवरून पाय खाली न पोचण्याच्या वयापासून हा खेळ खेळत आलेय. मी खिडकीतून बोट दाखवायचे, "ते मैदान." "मुलं खेळतायत, नापास." "मग तो रस्ता." "वर तारा बघ, भाजून निघशील." "मग ते गवत." "गवतात दगड लपलेले असतात, पण चल, पास." आई पुढच्या सीटवरून म्हणायची, "ताई, आपण पडदे घ्यायला निघालोय. विमान नाहीये हे." आत्या म्हणायची, "वहिनी, सवय पडद्यांच्या दिवशीच लागते."

आणि दुसरी खोड. उडण्याआधी धावपट्टीच्या तोंडाशी विमान उभं करून, ब्रेक दाबून, ती मोठ्याने म्हणते आणि शेजारी बसलेल्याला म्हणायला लावते: "इंजिन गेलं तर नाक खाली. उतरायचं ते समोर. मागे वळायचं नाही." तिचे विद्यार्थी कँटीनमध्ये तिची नक्कल करतात. चहा सांडला तरी "नाक खाली, समोर".

हे का, तर उडाल्या उडाल्या इंजिन गेलं की प्रत्येकाला एकच वाटतं, धावपट्टी मागेच तर आहे, वळू आणि जाऊ. आत्या म्हणते, या वाटण्यानेच माणसं मेली आहेत. कारण तेव्हा विमान खालीच असतं, वळायला उंची लागते, आणि वळताना नाक वर ओढलं की वेग मरतो. वेग मेला की विमान विमान राहत नाही, धोंडा होतो. म्हणून समोर जे असेल ते. शेत असेल तर शेत, उकिरडा असेल तर उकिरडा.

तर त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या शेजारी बसले. सोळावं लागलं की नेते, असं तिने मला मी सहा वर्षांची असताना कबूल केलं होतं आणि मी ते एकदाही विसरू दिलं नव्हतं. विमानाचं नाव म्हातारी. दोन सीटचं, पांढरं, दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही असं. मी कानांवर हेडफोन चढवले, नाक खाली, समोर, मागे वळायचं नाही, असं शहाण्यासारखं म्हटलं, आणि आम्ही उडालो. झाडं खाली गेली. विमानं ठेवतात त्या हँगरचं पत्र्याचं छप्पर खाली गेलं. मी ओरडून काहीतरी मूर्खासारखं म्हणणार होते, तेवढ्यात मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखा आवाज झाला.

मग विमान थरथरलं. मग आवाज थांबला. समोरचा पंखा, जो फिरताना दिसतच नव्हता, तो अचानक दिसायला लागला. काचेपुढे कुणीतरी फळी ठोकावी तसा उभा.

आत्याने नाक खाली केलं. लगेच. विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढाही न घेता. सगळी जमीन काचेत आली आणि माझं पोट मागे राहिलं.

"आत्ता गेलं तर?" ती म्हणाली. तिचा आवाज पडदे घ्यायला जातानाचाच होता.

माझं बोट आपोआप वर गेलं. "ते. जरा उजवीकडचं. कापलेलं. तारा नाहीत."

"नांगराच्या रेघा कशा?"

"आपल्या बाजूनेच येतायत."

"पास."

आणि तेव्हा हेडफोनमध्ये आवाज आला. रेडिओवर बसणारा माणूस जेवायला गेला होता आणि त्याच्या खुर्चीत हौसेने अध्यक्ष बसले होते. "म्हातारी, वळ. डावीकडून वळ आणि धावपट्टीवर परत ये."

"नाही," आत्या म्हणाली. "समोर उतरतेय."

"शेतात घालू नकोस विमान. परत ये म्हणतोय ना मी. वळ."

आत्याने हात पुढे केला आणि रेडिओचं बटण फिरवून त्यांना बंद केलं. आपण शेजारच्यांचा टीव्ही मोठा झाला की खिडकी लावतो ना, तसं. मग म्हणाली, "दार उघड, फटीत बूट अडकव, म्हणजे आपटल्यावर दार अडकून बसणार नाही. पट्टा ओढ. अजून ओढ. हात तोंडापुढे." मी एका पायातला बूट काढून दारात खुपसला. तिने इंधन बंद केलं, किल्ली फिरवली, आणि मग नुसता वारा.

आपटलो. उडालो. पुन्हा आपटलो. पुढचं चाक मोडल्याचा आवाज मला दातांत ऐकू आला. म्हातारी नाकावर घसरत गेली, माती काचेवर चढली आणि सगळं थांबलं.

"पट्टा सोड. पळ."

मी एका बुटावर पळाले. लांब गेल्यावर आत्याने माझे हात, पाय, मान असं सगळं चाचपून बघितलं. मग ती मातीत बसली आणि म्हणाली, "तुझा बाप मला जिवंत ठेवत नाही आता." आणि आम्ही दोघी हसत सुटलो, रडायचं होतं म्हणून. शेताची मालकीण ट्रॅक्टरवरून आली, आम्हाला पाणी दिलं, विमानाला एक फेरी मारली आणि विचारलं, "हे उचलणार कधी? मला पेरायचंय."

अख्ख्या प्रकरणात सरळ बोललेली ही एकच बाई.

कारण त्यानंतर जे सुरू झालं ते बघा. इंजिन तपासायला बाहेरून माणसं आली, त्यांनी सांगितलं, आतला वॉल्व तुटला, कुणाची चूक नाही. चला, ते मिटलं. पण आम्ही वाचलो कशामुळे, यावर प्रत्येकाचं काहीतरी मत. शेजारच्या काकू म्हणाल्या, देव तारी त्याला कोण मारी. मामा म्हणाला, नशीब बलवत्तर. बाबांच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, कापणी झाली होती म्हणून, नाहीतर काही खरं नव्हतं. देव झाला, नशीब झालं, कापणी झाली. जिने विमानाचा दांडा हातात धरला होता तिचं नाव कुणाच्या तोंडी नाही.

आणि मग पेपरात अध्यक्षांचा फोटो. कानाला हेडफोन, नजर आकाशात. खाली लिहिलेलं: 'अध्यक्षांच्या प्रसंगावधानाने दोघींचे प्राण वाचले'. त्यांनी म्हणे रेडिओवरून शेत दाखवलं, धीर दिला, पावलोपावली सूचना दिल्या. आयत्या बिळावर नागोबा, ही म्हण मी शाळेत फक्त पाठ केली होती. फोटोसकट पहिल्यांदाच बघितली.

आत्याने क्लबाच्या समितीला सरळ सांगितलं, साहेब मला वळायला सांगत होते. वळले असते तर आज तुम्ही शोकसभा घेत असता. यावर अध्यक्ष काय म्हणाले असतील? रागावले नाहीत. हळहळले. म्हणाले, "बिचारीला धक्का बसलाय. काय ऐकलं, काय नाही, तिलाच आठवत नाहीये. आणि आठवणीचा असा गोंधळ असलेल्या बाईच्या हातात आपण विद्यार्थी द्यायचे का, याचा विचार व्हावा." झालं. आत्याचं शिकवणं बंद. कायमचं बंद का, ते येत्या रविवारी समिती ठरवणार. रेडिओवरचं बोलणं आमच्या एवढ्याशा क्लबात रेकॉर्ड होत नाही. ते ऐकलं तिघांनीच. एक खोटं बोलतोय, एकीला धक्का बसलाय, आणि तिसरी दहावीत आहे.

म्हणून मी दुसरा प्रश्न विचारला.

सभागृहातून मला थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत नेलं. तिथे अध्यक्ष बिस्किट खात बसले होते.

"पाहुण्यांशी असं बोलतात?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"मी प्रश्न विचारला, मॅडम. तुम्हीच म्हणालात, प्रश्न विचारा."

"प्रश्न विचारायचा असतो. उत्तर द्यायचं नसतं."

अध्यक्षांनी हात वर केला. मोठ्या मनाने. "जाऊ द्या, लहान आहे. उद्या सकाळी सगळ्या मुलांसमोर एवढंच म्हण बाळ, 'घाबरल्यामुळे माझा ऐकण्यात गोंधळ झाला, माफ करा.' माझ्या मनात काही नाही. विषय संपला."

मी बिस्किटाकडे बघत राहिले. उद्या शनिवार. परवा समिती. माफी त्यांना उद्याच का हवी, हे समजायला वकील असायची गरज नव्हती. मी एकदा 'गोंधळ झाला' म्हणाले की आत्याच्या बाजूने ऐकलेलं कुणी उरतच नाही.

शाळा सुटल्यावर मी सायकल क्लबकडे घेतली. आत्या हँगरमध्ये दुसऱ्याच कुणाच्या विमानाची काच पुसत होती. तिला आता तेवढंच करायची मुभा होती. माझी आत्या, जिने अर्ध्या क्लबाला उडायला शिकवलंय, ती फडकं पिळत होती आणि पलीकडे तिचे विद्यार्थी मोबाइलमध्ये तोंड घालून उभे होते. त्यातल्या एकालाही इकडे बघायची हिंमत नव्हती. चहा सांडल्यावर बरी नक्कल सुचते.

मी सगळं सांगितलं. तिला हसू आलं ते फक्त पहिल्या प्रश्नाला.

"माफी मागून टाक कारटे," ती म्हणाली. "माझं मी समितीपुढे बोलले आहे. तुला यात ओढणार नाही. तू मूल आहेस."

"हवेत विचारलंस तेव्हा मूल नव्हते?"

ती पुसायची थांबली. "तेव्हा विचारलं ते तू ओरडू नयेस म्हणून. कामाला लावलेलं माणूस ओरडत नाही. शेत मी आधीच बघून ठेवलं होतं."

हे लागलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच लागलं. इतके दिवस मी मनातल्या मनात अर्धं विमान उतरवलं होतं.

"पण तू दाखवलंस तेच होतं," ती फडकं झटकत म्हणाली. "दुसरं दाखवलं असतंस तर मीही पुन्हा एकदा बघितलं असतं."

"समितीत कुणालाही बोलता येतं?"

"अठराच्या आतलं असेल तर आईबापांपैकी कुणीतरी सोबत लागतं. आणि तुझा बाप यायचा नाही. माझ्याशी फोनवर 'हं' च्या पुढे बोलत नाही तो त्या दिवसापासून. आता घरी जा. आणि त्याला त्रास देऊ नकोस."

घरी फोन माझ्याआधी पोचला होता. मुख्याध्यापिकांचा. ताटं वाढलेली, कुणी जेवत नव्हतं. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि ते रागावले की स्वतःचा चष्मा काढून पुसत बसतात. काच आता झिजायची बाकी होती.

"हात दाखवून अवलक्षण," बाबा म्हणाले. "काय गरज होती? वाचलात ना? मग कोण काय म्हणालं याच्याशी आपल्याला काय करायचंय? उद्या माफी मागायची, संपलं."

"मी खोटं नाही बोललेय."

"मी म्हटलं का खोटं बोललीस?"

"माफी मागितली तर आत्याचं शिकवणं जाईल, बाबा. कायमचं."

"जाऊ दे."

ते इतक्या हळू म्हणाले की आईनेही मान वर केली.

"जाऊ दे गेलं तर," बाबा चष्म्याकडेच बघत बोलत होते. "बरंच होईल. तुला कळतंय का? माझी एक बहीण आहे आणि एक मुलगी आहे, आणि दोघी एकाच डब्यात होत्या. मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर काढत होतो तेव्हा फोन आला. त्या माणसाला मी विचारत होतो, आता स्पष्ट दिसतंय का, आता दिसतंय का, आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं. तिला नाही उडू दिलं कुणी, तर मी झोपेन तरी."

मला बाबांची दया आली. अगदी खरी आली. आणि त्याच वेळी इतका संताप आला की कान गरम झाले. म्हणजे हे नुसतं 'आपण मध्ये पडायला नको' नव्हतं. त्यांना ते खोटं सोयीचं होतं. अध्यक्षांना फोटोसाठी, मुख्याध्यापिकांना शांततेसाठी, बाबांना झोपेसाठी. सगळ्यांची सोय झाली होती. फक्त आत्याची उचलबांगडी.

"बाबा," मी म्हणाले, "ते म्हणाले तसं आत्या वळली असती तर तुम्हाला दुसरा फोन आला असता. ती वळली नाही म्हणून मी इथे बसून तुमच्याशी भांडतेय. आणि तुम्ही तिच्याशी बोलत नाही."

बाबांनी चष्मा घातला. मग काढला.

आई रुग्णांच्या मानापाठी सरळ करायचं काम करते, तेव्हा तिला माणसांच्या कण्हण्याची सवय आहे; ती आधी पूर्ण कण्हू देते. आता तिने विचारलं, "तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस? 'वळ' असंच?"

"'वळ'. दोनदा. आणि 'शेतात घालू नकोस विमान' असंही. आत्या 'नाही' म्हणाली आणि तिने बटण फिरवलं. धक्का बसला असता तर मला हे आठवलं असतं का? माझा कुठला बूट दारात होता तेही आठवतंय. डावा. अजून मिळालेला नाहीये तो."

"नवे बूट घ्यायचेत ना तुला," आई उगाच म्हणाली.

बाबा म्हणाले, "बघ, अजूनही वेळ आहे. सकाळी दोन वाक्यं बोलायची आहेत. माघार घेतली म्हणून कुणी लहान होत नाही."

माघार. मागे धावपट्टी आहे, सपाट, ओळखीची, सगळे तिथेच बोलावतायत. मला एकदम हसू आलं, आणि हसता हसता ताठ बसता आलं. मी ताट जवळ ओढलं, कारण पोटात कावळे ओरडत असताना ठरवलेलं नीट सांगता येत नाही. एक घास खाल्ला. मग सांगितलं.

"मी उद्या माफी मागणार नाहीये. मॅडमना मी स्वतः सांगेन, तुम्हाला फोन करायला नको. आणि रविवारी मी क्लबात समितीसमोर जाणार आहे, जे ऐकलं ते त्याच शब्दांत सांगायला. तुमच्यापैकी एकाला माझ्या शेजारी बसावं लागेल, तसा नियम आहे. कोण येणार ते तुम्ही दोघं ठरवा. पण बाबा, तुम्ही आलात तर आत्याशी 'हं' च्या पुढे एक तरी वाक्य बोलायचं. हे पण ठरलंय."